मोकळी जागा, एक्केचाळीस बाय तेवीस

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

नवी वही. पहिल्या पानावर मी स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टी, आठवतील तशा:

सागवानी पाट, चार. तीन घरात, एक मेहुण्याकडे. त्याने परत दिला नाही, मी मागितला नाही.

वडिलांसाठी काठी. मुठीचा कोन त्यांच्या मनगटाप्रमाणे तासला होता. ते गेले, काठी आहे.

एकतीस वर्षांत स्टुडिओंमध्ये प्लायवूडची दोनशे अकरा घरे, दोन देवळे, एक पोलीस चौकी, एक दगडी विहीर (थर्माकोल) आणि एक तुरुंग. आज यातले काहीही उभे नाही. सर्वांत जास्त तुरुंग टिकला, सात महिने.

मोजचाक. जुन्या सायकलचे पुढचे चाक, परीघ दोन मीटर सात सेंटिमीटर. एक फेरा पूर्ण झाला की घंटीचा टोला पडतो.

वेसावे कोळीवाड्याचा नकाशा, एकास पाचशे या प्रमाणात. चौदा महिन्यांचे रविवार आणि सुट्ट्या. सगळी मापे मीच घेतली, शाईही मीच भरली. खालच्या कोपऱ्यात दिशाबाण, त्याखाली 'मापन व रेखन : सुबोध मार्तंड धुरी'.

दहावीला गणितात सत्तावीस मार्क होते. मुद्दाम लिहून ठेवतो. वडील गिरणीत होते, क्लासला पैसे नव्हते. ओळंबा, काटकोनाचा गुण्या, लेव्हल, प्रमाण हे सगळे बघून बघून शिकलो. आर्ट डिरेक्टरची पोरे कॉलेजातून यायची आणि 'धुरीदादा, हे कसं करायचं' म्हणून मलाच विचारायची.

आता सेटचे काम कमी झाले. पाठीमागे पडदा लावतात आणि त्यावर कॉम्प्युटरने घर काढतात. माझी तक्रार नाही. पण चौपन्नाव्या वर्षी माणसाने मोडणार नाही असे काहीतरी करावे. म्हणून नकाशा. आणि नकाशा हातात घेऊन दर रविवारी लोकांना कोळीवाड्यातून सावकाश फिरवायचे, साडेनऊ ते बारा. सुरुवात १० तारखेपासून.

श्वेताला सांगितले. ती म्हणाली, "अहो, फिरवा, पण बोलू द्या लोकांना मधेमधे."

रविवार, १० नोव्हेंबर

पहिली फेरी. नावे अकरा आली होती, माणसे नऊ. सगळे अंधेरी, बोरिवलीकडचे, एक जोडपे मुलुंडहून. प्रत्येकाला नकाशाची निम्म्या मापाची छोटी प्रत दिली.

क्रम असा ठेवला: बाजार गल्लीचे तोंड, मग जुनी कौलारू घरे, मग खाडीकाठची मोकळी जागा, मग धक्का. पलीकडे मढचा किल्ला दिसतो, तिथे शेवट. गल्लीची सर्वांत अरुंद रुंदी एक मीटर बेचाळीस. ती मी चालत चालत सांगितली आणि मुलुंडच्या गृहस्थाला हात पसरून खात्री करायला लावले. खात्री झाली. एका घराच्या खांबावर सात थर रंग आहे, पोपडा निघाला तिथे मोजता येतो. सर्वांत आतला निळा.

मोकळ्या जागेत आता बांबू उभे केले आहेत आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेत. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, त्यामुळे गाठ लागत नाही. या बांबू-दोऱ्यांच्या मांडणीला इथे वलांडी म्हणतात. पाहुण्यांनी फोटो काढले. एका बाईने नकाशा बघून विचारले की यात तर 'मोकळी जागा' लिहिलंय. मी नियम समजावला: नकाशात पक्की गोष्ट येते. जुलैत मी हे माप घेतले तेव्हा इथे एकही बांबू नव्हता, आता आहेत, पावसाळ्यात पुन्हा नसतील. बांबू म्हणजे सेट. उभा केला, काढला. जागा मात्र एक्केचाळीस मीटर बाय तेवीस मीटर, त्यात बदल नाही.

तिला पटले असावे. नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला.

जागेच्या कडेला एक ओटा आहे. योगायोगाने तिथे अंजनाबाई नावाच्या कोळीणबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या आतबाहेर. योगायोगाने त्यांच्याकडे गवती चहाचे मोठे पातेले तयार होते. सगळ्यांना दिला. मला बघून म्हणाल्या, "आला टेपवाला. आज काय मोजतंस, माजं वय?" सगळे हसले. मग लोक तिथेच वीस मिनिटे बसले आणि माझे वेळापत्रक तेवढे घसरले.

धक्क्याच्या पायऱ्या बऱ्याच उघड्या होत्या, मी नऊ मोजल्या. उन्हात पाणी लांब, शांत. किल्ल्याबद्दल बोललो. एकूण समाधान.

सोमवार, ११ नोव्हेंबर

कालच्या लोकांचे मेसेज आले. सहा जणांनी लिहिले, 'आजी खूप छान'. दोघांनी लिहिले, 'चहा'. नकाशाबद्दल एकाने, की अक्षर बारीक आहे. चांगल्या गोष्टीबद्दल लोक उशिरा बोलतात.

रविवार, २४ नोव्हेंबर

तिसरी फेरी, चौदा माणसे. अंजनाबाई पुन्हा योगायोगाने ओट्यावर. आज त्यांनी एका तरुणीला बोंबील टांगायला शिकवले, तिने तिसऱ्यांदा जमवले. चहाबरोबर आज चणेही होते. मी पैसे विचारले तर "घरला जा आन बायकोला दे" म्हणाल्या. या बायका बोलायला फटकळ असतात.

आजच्या माणसांत एक सौरभ म्हणून होता, पस्तिशीचा, पायात पांढरे बूट. सगळा वेळ माझ्या जवळ चालला. मापे त्याने वहीत उतरवून घेतली. इतक्या वर्षांत माझी मापे उतरवून घेणारा पहिला माणूस. मोकळ्या जागेपाशी त्याने विचारले की ही कोणाच्या नावावर. मी म्हणालो, गावाची समाईक, मच्छीमार सोसायटी बघते. त्याने विचारले, "पण नकाशात ओपन दाखवलंय, बरोबर ना सर?" मी म्हणालो, बरोबर. सेंटिमीटरपर्यंत.

मला सर म्हणाला. श्वेताला सांगितले नाही, हसली असती.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सौरभने अंधेरी पूर्वेला त्याच्या ऑफिसात बोलावले. काचेची इमारत, थंड. जिथे ती इमारत आहे तिथे पूर्वी आमचा प्लायवाला होता.

त्यांची कंपनी शहरात ठिकठिकाणी वॉक चालवते. त्यांना माझी फेरी, माझा नकाशा आणि नाव, सगळे विकत हवे आहे. नकाशा मोठा करून चांगल्या कागदावर छापणार, खाली माझे नाव ठेवणार. भिंतीवर दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा छापलेला नकाशा लावला होता. कागद हाताला लावून पाहिला. उत्तम. रेषा मात्र कॉम्प्युटरची, निर्जीव.

फेरीच्या शेवटी लोकांना बसायला, खायला खाडीकाठी जागा करायची त्यांची योजना आहे. बांबूची छपरे, दिवे, टेबले. त्यासाठी सोसायटीकडे भाड्याचा प्रस्ताव द्यायचा आहे. प्रस्तावाला माझा नकाशा जोडणार, म्हणून एक मोठी प्रत त्याच्याकडे ठेवून आलो. सौरभ म्हणाला, "सर, तुमच्या नकाशामुळे आमचं अर्धं काम झालंय."

रक्कम त्याने कागदावर लिहून माझ्याकडे सरकवली. इथे लिहीत नाही. आधी मनात नीट बसू दे.

परत येताना चार बंगल्यापर्यंत चालत आलो. नाव छापलेले डोळ्यासमोर येत होते. जाडी किती, टाइप कोणता, याचाही विचार केला. एकतीस वर्षांत माझे नाव एकाही पिक्चरच्या शेवटी आले नाही. 'सेटिंग विभाग' असे यायचे.

श्वेताला सगळे सांगितले. आकडा ऐकून तिने विचारले, "टेबलं कुठे मांडणार म्हणे?" मी म्हणालो, मोकळ्या जागेत. ती उठून भात बघायला गेली.

रविवार, १ डिसेंबर

आज फजिती झाली. जशी झाली तशी लिहितो.

सोळा माणसे. साडेअकराला धक्क्यावर पोचलो तर धक्का नाही. म्हणजे आहे, पण पाण्याखाली. दोन पायऱ्या वर, बाकी सगळ्या बुडालेल्या. आणि ज्या खालच्या वाटेने आलो त्या वाटेवर मागून पाणी चढले. खारे पाणी गटारातून उलटे येते हे मला ठाऊक नव्हते. सोळा माणसे आणि मी, मध्ये एका चौथऱ्यावर. एका बाईंच्या चपला तरंगत गेल्या. एक आजोबा शांतपणे म्हणाले, हे पण फेरीत आहे का?

माझे म्हणणे असे की भरतीओहोटी मला कळते. पण आमचे गाव कणकवलीच्या वर, घाटाच्या बाजूला. समुद्र आम्ही जत्रेला गेल्यासारखा पाहिलेला. मी फेरीची वेळ घड्याळाने ठरवली, कारण लोक घड्याळाने येतात.

अंजनाबाईंचा धाकटा दीर हरेश्वर, सोसायटीचा मेंबर, त्याने फळ्या टाकून आम्हाला बाहेर काढले. चपलाही आणून दिल्या. ओट्यावर अंजनाबाई होत्याच. त्यांचे बोलणे त्या बोलल्या तसेच लिहितो:

"आज अवस हाय. अवसेला आन पुनवेला बाराच्या सुमाराला पानी भरतं. तू घड्याल बगून येतंस, दर्या तुजं घड्याल बगत नाय."

मग सगळ्यांसमोर मला हिशेब शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला, म्हणजे पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, वर थोडे इकडेतिकडे. मी मनात पडताळून पाहिले. १० तारखेला नवमी होती. पावणेसातला भरती, म्हणजे एकच्या सुमाराला पाणी तळाला. त्या दिवशी साडेअकराला नऊ पायऱ्या उघड्या होत्या. जुळले. छापील तक्ता नाही, पंचांग आणि पाऊणकी. इतका सुंदर हिशेब मला कोणी शिकवला नव्हता, आणि सोळा माणसांसमोर शिकवावा असेही वाटत नव्हते.

लोक मात्र खुश होते. निघताना एक जण म्हणाला, आजची फेरी सगळ्यात भारी. हे बरोबर नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

आज एकटाच गेलो. उद्देश असा की भरतीची वाट नकाशात तुटक रेषेने दाखवावी. कुठवर पाणी चढते ते अंजनाबाईंना विचारायचे होते. एक मोठी प्रत घेऊन ओट्यावर पसरली.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. वाचता येते, सावकाश. बोटाने बाजार गल्ली ओळखली, देऊळ ओळखले, स्वतःचे घर ओळखले. घराला पाच खिडक्या दाखवल्यात, त्यातली एक गेल्या वर्षी बुजवली, असे म्हणाल्या. लिहून घेतले. मग बोट खाडीकडे सरकले आणि थांबले.

"यामदी माजी वलांडी कुठं हाय?"

मी नियम सांगितला. पक्की गोष्ट, तात्पुरती गोष्ट. बांबू तुम्ही पावसाळ्यात काढता, म्हणून.

"बांबू काढतंव आमी," त्या म्हणाल्या. "खड्डा काय उचलून घरान नेतंव?"

उठल्या, मला वलांडीत घेऊन गेल्या आणि एका बांबूच्या बुडाशी पाय ठेवला. मी गुडघ्यावर बसून पाहिले. बांबू मातीत ठोकलेला नाही. दगडाने आतून बांधलेला खड्डा आहे, दीड हात खोल, तोंडाला घासून गुळगुळीत झालेला दगड. एकेका घराला पाच-सहा खड्डे. पावसाळ्यात बांबू काढले की जुन्या जाळ्याचा बोळा करून तोंडात घालतात, त्याला आपापल्या घरच्या रंगाचे फडके बांधतात, वर चपटा दगड, वर वाळू. पाय अडकू नये म्हणून. नारळी पुनवेनंतर पाऊस सरला की वाळू सारायची, फडके ओळखायचे, बांबू उभा करायचा. अंजनाबाईंच्या घराचे फडके पिवळे. सासूच्या वेळेपासून पिवळे, आणि सासूला तिच्या सासूने सांगितलेले.

जुलैत मी याच वाळूवरून मोजचाक फिरवले. एक्केचाळीस मीटर. टोले मोजत होतो, खाली बघत नव्हतो.

अंजनाबाईंनी मग सहज विचारले की सोसायटीत कोणी एक कागद दिलाय, त्यात ही जागा मोकळी लिहिलीय म्हणतात, तो तुझाच का रे. १४ तारखेला मीटिंग आहे. बारा घरांचे बोंबील इथे वाळतात. इथे टेबले आली तर बोंबील कुठे न्यायचे ते कोणी लिहिलेले नाही.

मी म्हणालो, बघतो.

त्या म्हणाल्या, "श्वेताला सांग, शुक्रवारी सुरमय ठेवतंय."

माझ्या बायकोचे नाव मी त्यांना कधी सांगितले होते ते आठवत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

चूक आहे का? शांतपणे मांडतो.

नकाशात लिहिले 'मोकळी जागा'. ज्या दिवशी माप घेतले त्या दिवशी जागा मोकळी होती. माप बरोबर आहे. दिशा बरोबर आहे. ही चूक नव्हे, व्याख्येचा प्रश्न आहे.

दुपारी पुन्हा वाचले. व्याख्येचा प्रश्न आहे असे चुकलेला माणूसच म्हणतो. सेट चुकला की आर्ट डिरेक्टर असेच म्हणायचे.

नकाशाच्या किती प्रती बाहेर आहेत? फेऱ्यांत वाटल्या छप्पन्न. सौरभकडे एक मोठी. त्याने सोसायटीला दिली ती एक.

मी काही बोललो नाही तरी कोणी मला दोष देणार नाही. प्रस्ताव कंपनीचा, निर्णय सोसायटीचा, मी फक्त कागद काढणारा. पैसे मिळतील, नाव छापले जाईल. श्वेताला रात्री विचारले, तू काय करशील. ती म्हणाली, "मी नकाशा काढला नाही." हे उत्तर नव्हे.

तिला विचारले, त्या खड्ड्यांचे तुला माहीत होते का. म्हणाली, वीस वर्षं मासळी घेते त्यांच्याकडून, फडकी पिवळी मीच तर शिवून दिलीत, आपल्या जुन्या पडद्याची. मी म्हणालो, मग मला का सांगितलं नाहीस?

"तुम्ही कधी विचारलंत?"

रविवार, ८ डिसेंबर

फेरी रद्द केली, सगळ्यांना काल कळवले. दिवसभर खड्डे मोजले.

सकाळी साडेसातला टेप, ओळंबा, खडू घेऊन गेलो. हरेश्वर आधी लांब उभा राहिला, मग टेपचे दुसरे टोक धरले, मग जेवणापर्यंत सोडलेच नाही. त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागत होते की टेप सैल नको. चौथ्या ओळीनंतर तो मला सांगू लागला.

एकूण खड्डे अडुसष्ट. दोन खड्ड्यांतले अंतर साधारण बारा फूट. ओळी जागेच्या कडेला समांतर नाहीत, सतरा अंश तिरक्या आहेत. मी म्हणालो, बांधणाऱ्याने गुण्या लावला नाही वाटतं. हरेश्वर हसला. म्हणाला, हिवाळ्यात उत्तरेचा वारा या खाडीवरून तिरका येतो. ओळ वाऱ्याला धरून आहे, म्हणून प्रत्येक बोंबलाला वारा लागतो. तुमच्या कडेला समांतर केली असती तर मधली ओळ नासली असती.

मी दोऱ्याला कागदाची पट्टी बांधून वाऱ्याची दिशा बघितली. सतरा नाही, एकोणीस अंश आली. दोन अंश सोडून देतो. त्यांनी हे होकायंत्राशिवाय केले आहे.

एका खड्ड्याच्या आतल्या दगडावर छिन्नीची खूण आहे, तीन उभ्या रेघा. कोणाची ते कोणालाच माहीत नाही. मी तिच्यावर बोट फिरवले. हात वळलेला होता त्या माणसाचा, तिन्ही रेघा सारख्या खोल.

अंजनाबाईंनी दुपारी बसवून जेवायला घातले. सुके बोंबील, भाकरी. चार भाकऱ्या खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "मोजून खातंस का नाय?"

बुधवार, ११ डिसेंबर

नवा नकाशा चालू. अडुसष्ट खड्डे, प्रत्येकाला घराचा क्रमांक. कोपऱ्यात छोटा तक्ता, तिथीप्रमाणे धक्क्याच्या उघड्या पायऱ्या. ऑक्टोबर ते मे एक, जून ते सप्टेंबर दुसरा, अशी दोन पाने. उजव्या हाताचा अंगठा दुखतो.

'मोकळी जागा' हे शब्द ब्लेडने खरवडून काढले. कागद पातळ झाला तिथे. शाई पसरेल म्हणून त्या जागी काही लिहिता येईना. सगळे पान पुन्हा काढायला घेतले.

सौरभचा फोन आला. सोसायटीच्या मीटिंगला मीही यावे, दोन शब्द बोलावे. येतो म्हणालो.

शनिवार, १४ डिसेंबर

संध्याकाळी साडेपाचला मीटिंग. साठ-सत्तर माणसे, बायका एका बाजूला दाटीने. सौरभने पडद्यावर माझा नकाशा दाखवला, भिंतीएवढा. मी काढलेली रेषा इतकी मोठी कधी पाहिली नव्हती. कुठेही थरथर नाही. क्षणभर फक्त तेच पाहत राहिलो.

मोकळ्या जागेवर त्यांनी हिरवा रंग भरला होता. छपरे, दिवे. सौरभ नीट बोलला, त्याने खोटे काही सांगितले नाही. भाडे चांगले आहे, वापरात नसलेल्या जागेचे उत्पन्न होईल, असे म्हणाला. दोन-तीन जण माना डोलावत होते. त्यांची घरे बोंबलाच्या धंद्यात नाहीत आता.

मग तो म्हणाला, नकाशा ज्यांनी काढला ते इथे आहेत.

मी उठलो. चार वाक्ये पाठ केली होती, त्यातले एक आठवले नाही. म्हणालो:

"हा नकाशा चुकीचा आहे. मी काढलाय."

मागे एक खुर्ची सरकली तेवढी. मी पुढे जाऊन नवे पान फळ्यावर चिकटवले आणि खड्डे घराप्रमाणे वाचून दाखवले. एक ते सहा, पिवळे फडके, अंजनाबाई. सात ते अकरा, निळे. अठराव्या खड्ड्याला बायकांतून एक जण म्हणाली, तो आमचा नाय, शेवंतीचा. शेवंतीबाई म्हणाल्या, लग्नान दिला तुला, विसरलीस? मग हसण्याचा जो कल्लोळ झाला तो पाच मिनिटे थांबेना. दुरुस्ती तिथल्या तिथे पेन्सिलीने केली.

अडुसष्टपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. शेवटी कोणी नकाशाकडे बघतही नव्हते, एकमेकींना सांगत होत्या. प्रस्ताव मताला टाकलाच नाही. हरेश्वर म्हणाला, वलांडीची जागा वलांडीचीच, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय बर्फाच्या मशीनचा होता.

बाहेर सौरभ भेटला. चिडलेला नव्हता. म्हणाला, फेरी आणि नकाशा आम्हाला अजूनही हवाय सर, जागेचं आम्ही दुसरीकडे बघू. रक्कम तीच. फक्त नवा नको, जुना द्या. अडुसष्ट ठिपक्यांनी पान भरून जातं, पाहुण्यांना कळत नाही. आणि ओट्यावर चहा आमचा माणूस देईल, वेळ सांभाळली जाईल.

दोन दिवसांत सांगतो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. 'नाही' तोंडात आले होते, पण आकडाही आला होता.

रविवार, १५ डिसेंबर

पुनव. भरती बाराच्या आसपास, म्हणून फेरी सात वाजता ठेवली. मी धरून चाललो होतो की थंडीत इतक्या लवकर कोणी येणार नाही. एकवीस आले.

आज फेरी उलटी फिरवली. आधी धक्का, पाणी नुकते परतू लागले होते, दहा पायऱ्या उघड्या, चिखलावर बगळ्यांच्या पावलांची नक्षी. किल्ल्यावर ऊन यायचे होते. मग वलांडी. मी एका खड्ड्याशी सगळ्यांना गुडघ्यावर बसवले आणि बोट आत घालून दगड चाचपायला लावला. मापे सांगायची राहून गेली. गल्लीची रुंदी तर शेवटपर्यंत आठवली नाही.

जुन्या नकाशाच्या परत आलेल्या प्रती: बावीस. बाकी चौतीस लोकांना निरोप गेला आहे. मुलुंडच्या गृहस्थाने कळवले की त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलाय, परत देणार नाहीत. त्यांना लिहिले, मग निदान 'मोकळी जागा' यावर कागद चिकटवा. कागद पोस्टाने पाठवतो, मापाचा कापून. चार सेंटिमीटर एक मिलिमीटर बाय दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर.

ओट्यावर चहाच्या वेळी श्वेता तिथे होती. पातेल्याला एका बाजूने तिने धरले होते आणि दुसऱ्या बाजूने अंजनाबाईंनी. मी विचारले, तू इथे कशी. म्हणाली, योगायोगाने.

अंजनाबाईंना नव्या नकाशाची पहिली प्रत दिली. चष्मा लावून त्यांनी पिवळे ठिपके मोजले. सहा. मग खालच्या कोपऱ्यात माझे नाव वाचले आणि विचारले, एवढंच एक नाव? फडकी कोणी शिवली ते नाय लिवलंस?

जागा होती. बसते दीड ओळ. घरी आल्यावर लिहिली.

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी अकरा वाजता सौरभला फोन करून नाही म्हणालो. त्याने कारण विचारले. मी म्हणालो, जुना नकाशा चुकीचा आहे, चुकीचे काम मी विकत नाही, आणि बरोबर असलेला तुम्हाला नको. तो म्हणाला, रक्कम वाढवून बघू का. मी म्हणालो, नको, वाढलेली ऐकली तर मला झोप लागणार नाही. तो हसला. मी खरे सांगत होतो.

श्वेताला सांगितले. ती म्हणाली, "बरं." आणि संध्याकाळी नारळ घालून सुरमईचे तिखले केले. सणावाराशिवाय ती एवढे वाटण करत नाही.

२७ नोव्हेंबरला आकडा लिहायचा राहिला होता. वहीत नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो.

नाकारले: वेसावे कोळीवाड्याचा नकाशा (जुलै २०२४, चुकीचा), रविवारची फेरी आणि तिचे नाव, कायमचे हक्क.

रक्कम: चार लाख पंचाहत्तर हजार रुपये.